देवघरातला दिवा आणि मोटारीची बॅटरी

अमरदाद महिन्याचा पहिला सोमवार. नांदेड, आमच्या घराचं मागचं अंगण. हजर: मी, माझे वकील यजमान, त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या डॉक्टरीण वन्सं, यजमानांच्या आत्या, ज्यांना सगळं घर आत्याबाई म्हणे, लातूरहून मोटार घेऊन आलेले ड्रायव्हरचाचा, आणि मोटार.

निजामी राज्यात कचेरीचे कागद फसली महिन्यांवर चालत. अमरदाद म्हणजे साधारण जून. यजमानांच्या वकिलीमुळे घरातही तेच महिने रुळले होते. मी घरकामाची टिपणं ठेवत असे, अजूनही ठेवते. त्यात वर तारीख आणि हजर कोण, हे आधी लिहायचं आणि मग काम. नंतर कोणी "मला कुणी सांगितलंच नाही" म्हणायला नको.

मोटार म्हणजे चाकांवरची खोलीच होती. मागे पेशंटला निजवायचा बाक, औषधांचं कपाट, स्टोव्हची जागा, आणि बाक भिंतीला टेकवला की वन्संना झोपायला पलंग. हिवाळा आणि उन्हाळा त्या मोटारीत राहून निलंग्यापासून मुरुडपर्यंतच्या गावांतून बायकांना तपासत फिरायच्या. लातूरच्या काही व्यापाऱ्यांनी वर्गणी करून ही मोटार केली होती आणि वन्संचा पगारही तेच देत. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीच्या रस्त्यांवर ती चालणं शक्य नव्हतं. चार महिने कुठेतरी उभी करून ठेवावी लागे.

आदल्या वर्षी ती लातूरला एका गोदामात उभी राहिली आणि तिच्या दोन्ही बॅटऱ्या पडून पडून निकामी झाल्या. एक इंजिनाची, ती नसली तर हँडल मारून भागतं. दुसरी आतल्या दिव्यांची, तिच्याशिवाय भागत नाही. तो सगळा हंगाम वन्संनी कंदिलावर काढला. अवघड बाळंतपणात कंदील धरायला कोणी तरी लागतं, आणि धरणारी बाई बहुधा डोळे मिटून घेते. हंगाम सरता सरता चाचांनी हैदराबादहून कशाबशा दोन बॅटऱ्या मिळवल्या. जर्मनीची लढाई चालू होती. तिसरी मिळणार नाही असं दुकानदाराने सांगूनच त्या दिल्या होत्या.

व्यापाऱ्यांचे म्होरके एक आप्पा होते. कपाळाला विभूती, बोलणं गोड, हट्ट पक्का. त्यांनी वन्संना काय सांगितलं ते वन्संनी आम्हाला त्यांच्याच आवाजात करून दाखवलं.

"बाईसाब, बैलगाडीला बॅटरी लागत न्हाई. बैल उभे राहून बिघडत न्हाईत. आजूरच्या पहिल्या तारखेला मोटार माझ्या दारात दिवे लावून उभी करा, मग बघू. न्हाईतर विकून टाकू, आन तुमी बी घरी सुखानं राव्हा."

आजूर म्हणजे ऑक्टोबर. घरी सुखाने राहायचं म्हणजे काय, ते वन्संना ठाऊक होतं. आत्याबाईंकडे बिजवरांची माहिती तयार होती.

म्हणून त्यांनी मोटार आमच्याकडे आणली. आमच्या घरी वीज होती, बग्गी ठेवायची जुनी खोली रिकामी होती, आणि मी होते. हे तिसरं त्यांनी स्वतः म्हटलं. मला बरं वाटलं.

त्या सोमवारी कामं भराभर झाली. मोटार लाकडी ठोकळ्यांवर चढवली, म्हणजे चाकांवर भार नको. कपाटात कडुनिंबाचा पाला. टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं. इंजिनाच्या तोंडावर उंदरांसाठी जाळी. उरल्या बॅटऱ्या.

घरातल्या विजेचा जोर बॅटरीला सोसत नाही. चाचांची युक्ती साधी होती: मध्ये एक बल्ब घालायचा. वीज आधी बल्बातून जाते, तिथे तिचा जोर मोडतो, आणि बारीक धार होऊन बॅटरीत उतरते. आमच्याकडची वीज त्या काळी एकाच दिशेने वाहणारी होती, म्हणून हे जमत होतं. बल्ब पेटला की बॅटरी भरते, बंद केला की थांबते. दोन्ही बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या, म्हणजे एकाच बल्बावर दोन्हींचं काम.

"मग बल्ब इथे मोटारीपाशी कशाला जाळायचा?" मी म्हटलं. "उजेड फुकट जाईल."

बग्गीच्या खोलीला लागून आमचं देवघर होतं. त्याला खिडकी नाही. भर दुपारीही तिथे दिव्याशिवाय मूर्ती दिसत नसत. भिंतीतून तारा काढून बल्ब देवघरात बसवला तर बॅटरीही भरेल आणि आत्याबाईंना पोथी वाचायला उजेडही होईल. चाचा हसले. "वकीलसाहेब, बाईसाहेबांना वीज कंपनीत पाठवा," म्हणाले.

आत्याबाईंनी आधी मोठा बल्ब लावून पाहिला. "देवांच्या डोळ्यांवर येतो," म्हणून तो काढायला लावला. मग बारका बसवला. तो पसंत पडला.

देवघरात आत्याबाईंचं सोवळं कडक. पूजेनंतर दार ओढलेलं, आत दुसऱ्या कोणी जायचं नाही. बटण आत होतं, तेव्हा ते काम त्यांच्याकडेच गेलं. मी त्यांना सांगितलं: सोमवार आणि गुरुवार, सकाळी पूजेला बसताना लावायचा आणि नैवेद्य झाला की विझवायचा.

"विझवायचा काय म्हणतेस," त्या म्हणाल्या. "देवापुढचा दिवा आहे."

"चुकलं. शांत करायचा."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या.

वन्सं लातूरच्या दवाखान्यात परत गेल्या. चाचा महिन्याकाठी येऊन बॅटरीतलं पाणी बघणार होते, पण त्या वर्षी पाऊस असा लागला की बस बंद, ओढे भरलेले, कोणी येईना. बॅटरीची बुचं मी उघडायची नाहीत, असं त्यांनी बजावलं होतं. आत तेजाब, म्हणजे ॲसिड, असतं. मी दर आठवड्याला बग्गीच्या खोलीत जाऊन जाळी बघे, धूळ पुसे, तारांजवळ हात न नेता परत येई. त्यांनी आणखी एक काम दिलं होतं: बॅटरीत घालायला पावसाचं पाणी धरून ठेवणं. पत्र्यावरचं नको, पन्हळीचं नको, आभाळातून थेट पडलेलं. अंगणाच्या मध्यावर स्टुलावर काचेची बरणी ठेवायची. लोणच्याची बरणी चालणार नाही, मिठाचा अंश राहतो, म्हणून वन्संच्या औषधांच्या दोन रिकाम्या बरण्या घासून घेतल्या. श्रावणात दोन्ही भरल्या.

देवघराच्या दाराखालून उजेड दिसत असे. तो समईचा असणार, असं मी धरून चालले. आषाढी झाली होती, चातुर्मास लागला होता. चातुर्मासात आत्याबाई देवापुढे नंदादीप ठेवत. चार महिने अखंड. तेल मात्र त्या वर्षी माझ्याकडे फारसं मागत नव्हत्या. लढाईच्या दिवसांत तेल मिळायची मारामार, तेव्हा म्हटलं, त्याही काटकसर करून राहिल्यात. कौतुकच वाटलं.

पितृपंधरवड्यात पाऊस ओसरला आणि वन्सं व चाचा दोघं बसने आले. जेवणं उरकली आणि आम्ही सगळे बग्गीच्या खोलीत गेलो. चाचांनी बिडी अंगणातच टाकली. बॅटरीपाशी ठिणगी चालत नाही. आत अंधार होता. कंदील आणायचा नाही म्हणून मी माझा कुंकवाचा आरसा घेऊन दारात उभी राहिले आणि उन्हाचा कवडसा बॅटरीवर पाडला. चाचांनी पहिलं बूच काढलं, डोकावले. दुसरं काढलं. मग मान वर न करता म्हणाले, "बाईसाहेब, ह्यातलं पाणी कुठं गेलं?"

"म्हणजे?"

"आतल्या शिशाच्या पट्ट्या उघड्या पडायच्या बेतात हायत. किती भरली तुमी?"

"सोमवार आणि गुरुवार. तुम्ही सांगितलं तसं."

"न्हाई. ही रोज भरून राहिलीय. भरल्यावर बी भरली की पाणी उकळल्यावानी उडून जातं." त्यांनी बोटाने बॅटरीच्या कडेवरची पांढरी भुकटी दाखवली. "हे बगा."

वन्सं मोटारीच्या पायरीवर बसल्या.  मग म्हणाल्या, "म्हणजे संपलं. दादा, आत्याला सांग, त्या परभणीच्या बिजवराला पत्र टाक म्हणावं. त्याची तीन मुलं आहेत ना, मला तपासायला होतील."

"थांब," यजमान म्हणाले. "आरोपीला आधी विचारू तरी."

आत्याबाई सोप्यात वाती वळत होत्या. यजमानांनी विचारलं, तर त्यांनी वात खाली न ठेवताच सांगितलं.

"हो, चालू आहे. आषाढी एकादशीपासून."

"रोज?"

"रोज काय, सारखा. नंदादीप धरलाय मी त्याच्यावर. यंदा तेल कुठंय घरात? आणि ही मला म्हणते, दर खेपेस शांत करा. चातुर्मासात देवाचा दिवा शांत करायचा असतो होय? मी बरं म्हटलं. सुनेला कशाला पातक, म्हणून तिला बोलले नाही."

यजमानांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घातलं. वन्सं मात्र भडकल्या.

"आत्या, तुझ्या दिव्यापायी माझी नोकरी गेली. मोटार विकतील ते आता."

"तुझ्या नोकरीसाठीच लावला होता तो," आत्याबाई म्हणाल्या. वात आता खाली ठेवली होती. "रानावनात एकटी हिंडतेस. रात्री कुठल्या वस्तीवर मुक्काम, कोण माणसं, काही ठिकाण नाही. मला का तुझ्यासंगं येता येतंय? दिवा लावला."

 वन्संसाठी पाहिलेल्या बिजवरांचा हिशेब आत्याबाईंकडे होता हे खरं, पण त्याच आत्याबाईंनी चार महिन्यांचं व्रत या नोकरीवर धरलं होतं हे त्या दिवशी प्रथम कळलं. मलाही.

पण कळून बॅटरीला उपयोग नव्हता. चाचा एव्हाना अंगणात परत बिडी पेटवून विचार करत होते. मी त्यांना विचारलं, "खरं सांगा. गेल्या का?"

"बल्ब बारका हाय म्हणून आशा हाय," ते म्हणाले. "मोठा असता तर पट्ट्या वाकून गेल्या असत्या. ह्यात धार लई बारीक. पाणी उडालं, पट्टी ओलीच राहिली. पाणी भरू, आठ दिवस आराम देऊ, मग दिवा लावून बघू. पण आधी ते बंद करा. आत्ता बी चालूच हाय ते."

इथे घोळ झाला. आत्याबाई बंद करायला तयार होईनात. चातुर्मासाचा अर्धा भाग अजून उरला होता. व्रत मध्ये मोडलं तर ज्याच्यासाठी धरलं त्याच्यावर येतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्याच्यासाठी धरलं ती समोरच बसलेली. वन्सं डॉक्टर असल्या तरी त्या क्षणी त्यांनाही "मोडा" म्हणवेना.

"समईवर घ्या ना," मी म्हटलं. "तेल मी काढते कुठून तरी."

"कशी घेऊ? दिव्यावरून दिवा लावावा लागतो. ह्या काचेवर वात धरली तर पेटेल का?"

मुद्दा बरोबर होता. यजमान म्हणाले, कोर्टातही एवढा बिनतोड मुद्दा त्यांनी ऐकला नव्हता. आत्याबाई म्हणाल्या, "तू गप रे."

तोड मला सुचली, पण ती काही मोठी हुशारी नव्हती. आमच्याकडे मोठा बल्ब पडून होता, दारापलीकडच्या सोप्यात विजेचा जोड होता, आणि मधली भिंत पातळ होती. बॅटरीशी काही संबंध नाही असा दुसरा दिवा सोप्यातून तार घेऊन त्याच दिव्याशेजारी बसवायचा. तो लागला की मग पहिला शांत करायचा. मध्ये क्षणभरही अंधार नाही. एका दिव्याच्या उजेडात दुसरा लागला, म्हणजे दिव्यावरून दिवाच झाला.

आत्याबाईंनी विचार केला. "चालेल," म्हणाल्या. "पण आत कोण जाणार? तो ड्रायव्हर नाही. आणि सोवळ्यात जायचं."

चाचा म्हणाले, "मी कशाला येऊ, मी बाहेरून सांगतो. पण ओल्या कपड्यानं विजेजवळ कुणीबी जायचं न्हाई. ते तेवढं बगा."

आमच्या घरी सोवळं म्हणजे ओलेतं किंवा रेशमी. यजमानांचा लग्नातला मुकटा ट्रंकेत होता. तो मी काढला. त्यांनी आंघोळ केली, अंग कोरडं पुसलं, रेशमी मुकटा नेसले आणि हातात पेचकस घेऊन देवघरात शिरले. पायाखाली लाकडी पाट. चाचा उंबऱ्यापलीकडे उकिडवे.

"रेशीम बी चांगलं, पाट बी चांगला," चाचा म्हणाले. "वीज तुमाला न्हाई ओळखत आता. पाटावरून उतरू नगा तेवढं."

"हा पेच कुठल्या बाजूला फिरवू?"

"घड्याळ फिरतंय तसा."

"माझं घड्याळ बाहेर आहे."

"मग देवाला प्रदक्षिणा घालतोस तसा," आत्याबाईंनी मागून सांगितलं. यजमानांनी त्याबरोबर पेच बरोबर फिरवला.

वन्सं दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या हसायला लागल्या आणि मग थांबता थांबेना. दुपारपासून पहिल्यांदा. मला वाटतं मी तेव्हाच काळजीतून निम्मी सुटले.

नव्या बल्बाला आत्याबाईंनी एक पातळ कापड बांधायला लावलं, डोळ्यांवर येऊ नये म्हणून. चाचांनी सोप्यातला जोड लावला. देवघर एकदम उजळलं. आत्याबाईंनी दोन्ही दिव्यांना हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, आणि मग स्वतःच्या हाताने जुनं बटण खाली केलं.  नवा दिवा लागलेलाच होता.

चाचांनी त्याच संध्याकाळी श्रावणातल्या दोन बरण्यांचं पाणी काचेच्या पिचकारीने एकेका भोकात घातलं. पट्ट्या बुडून वर बोटभर. मग आठ दिवस कोणी हात लावायचा नाही. हे आठ दिवस मला जड गेले. वन्सं तर श्राद्धाच्या स्वयंपाकात मदत करायला लागल्या, यावरूनच समजा. आत्याबाईंनी परभणीचा विषय काढला नाही. उलट एकदा भाजी चिरता चिरता मला म्हणाल्या, "तिच्या मोटारीत म्हणे पोथी वाचण्याजोगा उजेड पडतो. खरं का?"

"पडला तर," मी म्हटलं.

नवव्या दिवशी सूर्य मावळायला आला तेव्हा आम्ही पुन्हा बग्गीच्या खोलीत जमलो. ह्या खेपेस आत्याबाईही आल्या, अंग चोरून, मोटारीला न शिवता. चाचांनी बॅटरी मोटारीच्या तारांना जोडली. वन्सं आत चढल्या. बटण त्यांनीच दाबलं.

आधी दिवा तांबूस लागला. मला वाटलं, गेलं. मग तो पांढरा होत गेला आणि तसाच राहिला. वन्सं कपाटातून एक बाटली काढून तिच्यावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचत सुटल्या. इंग्रजीत होती, आम्हाला एक शब्द कळला नाही. चाचा दारात उभे राहून म्हणाले, "अर्धा तास जळू द्या. तेवढा जळला तर रातभर जळंल."

अर्ध्या तासाहून जास्त जळला. यजमान एवढ्या वेळात दोनदा चहा प्यायले. इंजिनाची बॅटरी जरा कमजोर निघाली, तिला हँडलचा हात द्यावा लागणार होता. ते चालण्यासारखं होतं. पुढे तीही सावरली. मी मात्र ह्या खेपेस बॅटरी भरायचं बटण सोप्यात बसवून घेतलं होतं, माझ्या हाताशी. आत्याबाईंचा नंदादीप देवघरात वेगळा, वेगळ्या तारेवर, कार्तिकीपर्यंत अखंड राहिला. वीजबिल पाहून यजमान काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

आजूरच्या पहिल्या तारखेला मी लातूरला गेले नव्हते. तिथे काय झालं ते चाचांनी नंतर सांगितलं. संध्याकाळी मोटार आप्पांच्या दारात उभी. वन्संनी आतले सगळे दिवे लावले. आप्पा बाहेर आले, मोटारीला एक फेरी मारली, आत डोकावले, बाकावर हात फिरवला. मग घरात जाऊन पत्नीला बोलावून आणलं. आप्पांच्या पत्नीला बरेच दिवस पोटाचं दुखणं होतं, ते त्यांनी कोणा पुरुष डॉक्टराला दाखवलं नव्हतं. वन्संनी त्यांना तिथेच, त्याच दिव्याखाली तपासलं. आप्पा तोवर ओट्यावर बसून होते.

वन्सं बाहेर आल्यावर आप्पा त्यांना म्हणाले, "निलंग्याला कधी निघताव?"

"उद्या."

"निघा. पर एक करा. आतला उजेड लई हाय. रस्त्यावरून सगळं दिसतंय. बायामाणसं लाजतील."

ते खरंच होतं. कंदिलाच्या दिवसांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण दिसतच नव्हतं. आता मागच्या खिडकीतून सगळी मोटार दुकानासारखी उघडी पडत होती. वन्संचं पहिलं पत्र निलंग्याहून आलं त्यात तेच होतं: पहिल्याच गावात संध्याकाळी बायकांची रांग लागली, उजेड उत्तम, दोन बाळंतपणं सुखरूप, मागच्या खिडकीला आणि दाराला जाड पडदे पाहिजेत, तू शिवून पाठव, मापं पुढच्या पत्रात.

मी त्याच दिवशी बाजारात जाऊन गडद निळं जाड कापड आणलं, वारंवारची धुलाई सोसेल असं. धुऊन, आटवून, इस्त्री करून ठेवलं. वन्संनी तोवर खिडकीला सतरंजी बांधून काम चालवलं, आणि चालतंय म्हटल्यावर मापं पाठवायचं त्यांच्या डोक्यातून गेलं. पुढच्या दोन्ही पत्रांत गावांची नावं होती, बायकांची दुखणी होती, बॅटरी ठीक आहे असं दोन्ही वेळा होतं. खिडकीची लांबी-रुंदी नव्हती.

कापड अजून ट्रंकेत आहे. पडदे शिवायचे राहिले आहेत.